सिनेमात न मावलेल्या बायका

“पण बाई, दोन तासांत एवढ्या बायका मावणार कुठे?”

बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. परत घातला.

“मी कुठे म्हटलं मावव म्हणून?”

“मग होकार द्या ना.”

“आधी वाचून तर दाखव.”

विचारणारा मकरंद शेडगे. वाईच्या शाळेत बाईंच्या हाताखाली रेघ ओढायला शिकला आणि मुंबईला जाऊन सिनेमे काढू लागला. दोन सिनेमांना बक्षिसं मिळाली होती. ती मिळाल्यापासून तो खुर्चीत जरा जास्त ऐसपैस बसे. मुलगा वाईट नव्हे. कौतुक सगळ्यांनाच पचत नाही, आणि त्याच्या वाट्याला ते एकदम आलं होतं.

बाई म्हणजे वत्सला बिडकर. चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या आणि लोक तीर्थयात्रेला निघतात त्या वयात चित्रकादंबरी काढायला बसल्या. चौकटीमागून चौकट, चित्रं आणि थोडेसे शब्द. पुस्तकाचं नाव ‘खाटांची रांग’. एकोणिसाव्या वर्षी बाईंना क्षय झाला होता. डोंगरावरच्या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, त्या दीड वर्ष निजून होत्या. त्या वॉर्डाचं ते पुस्तक.

बरीच वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. मग एकाएकी सगळेच विचारू लागले. मकरंदला निर्माता मिळाला, सिनेमा ठरला, नट्यासुद्धा ठरल्या. राहिला होता तो फक्त बाईंचा होकार.

दुसरीकडून एक ओटीटीवाले मकरंदच्या मागे लागले होते. त्यांना याच पुस्तकाची मालिका हवी होती, आठ भागांची. मकरंदने त्यांना धड उत्तरही दिलं नव्हतं.

तो स्क्रिप्ट वाचू लागला. वाचायचा छान. मध्यंतरापाशी आला तेव्हा त्याचा स्वतःचाच आवाज भरून आला.

“…ताराक्का वत्सलाची वेणी घालते आहे. शेवटचा पेड. हात थांबतो. ताराक्का गेली… मध्यंतर.”

त्याने वर बघितलं.

“ताराक्का गेली?” बाई म्हणाल्या.

“थिएटर रडेल, बाई.”

“अरे, ताराक्का बरी होऊन अथणीला गेली. तिच्या नातीच्या लग्नाला मी जेवून आले आहे.”

“ते माहीत आहे मला. पण सिनेमात…”

“मेली ती सोजर.”

“हो.”

“वेणी घालायची हसीनाबी. मला हात वर नेता येत नव्हते.”

“हो, बाई.”

“आणि घोरायची बायजामावशी. तिचं घोरणं थांबलं की सगळा वॉर्ड जागा व्हायचा. जी ती अंधारातच विचारायची, मावशी, आहेस ना गं?”

“घोरणंसुद्धा ताराक्कालाच दिलंय,” मकरंद जरा ओशाळून म्हणाला. “तिला शोभतं ते.”

“म्हणजे तीच घोरते, तीच वेणी घालते आणि तीच मरते.” बाईंनी मान हलवली. “फार राबवलंस रे बिचारीला.”

दोघंही हसले. पण बाईंचं हसू आधी संपलं.

“सगळ्यांचं मिळून एक माणूस करावं लागतं, बाई. सिनेमाला एकच हात लागतो, प्रेक्षकांनी धरायला.”

“आणि बाकीचे हात?”

“ते राहतात.”

“कुठे?”

मकरंदने स्क्रिप्टची पानं उगाच सारखी केली.

“त्यांची मी सोय केली आहे,” तो म्हणाला. “सिनेमा संपला की काळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकेकीचं नाव. सोजर, हसीनाबी, बायजामावशी… सगळ्यांचे आभार.”

“आपल्याकडे आभार सुरू झाले की लोक काय करतात?”

“टाळ्या वाजवतात?”

“चपला शोधतात,” बाई म्हणाल्या. “मी शाळेत पस्तीस वर्षं आभार मानले. मला माहीत आहे.”

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

“त्या मालिकेवाल्यांना उत्तर का नाही दिलंस?”

हा प्रश्न येणार हे मकरंदला ठाऊक होतं. उत्तर तो गाडीतच घोकून आला होता.

“मालिका लोक भाजी निवडत बघतात, बाई. मध्येच बेल वाजते. दूधवाला येतो. थांबवतात आणि म्हणतात, राहिलेलं उद्या बघू. सिनेमाचं तसं नाही. माणूस अंधारात येऊन बसला की बसला. उठू शकत नाही. दोन तास तो माझ्या हातात असतो.”

“तुझ्या हातात.”

“हो.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “माझं पुस्तक कसं वाचलंस? एका बैठकीत?”

“नाही.”

“का?”

“सोजर जाते ना… तिथे मिटलं मी. पुढे उघडवेना. दोन दिवस पुस्तक उशाशी पडून होतं.”

“दोन दिवस काय केलंस?”

“काही नाही. काम चालूच होतं…” तो अडखळला. “आईला फोन केला. पुष्कळ दिवसांनी.”

“काय बोललास?”

“काही नाही. जेवलीस का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, आज काय विशेष?”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत कौतुक होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

“मग मकरंद,” त्या म्हणाल्या, “त्या दोन दिवसांचं सिनेमात काय करणार आहेस?”

…

मकरंद हुशार होता. हुशार माणसाला उत्तर सुचलं नाही की त्याला राग सुचतो.

“बाई, खरं सांगू का? मी नाव कमावलं ते सिनेमात. आता मालिका केली तर लोक म्हणतील, शेडगे उतरला. आमचा निर्माता थांबायचा नाही. हा सिनेमा हातचा गेला तर पुढचा कधी मिळेल, मिळेल की नाही, देव जाणे.”

“खरं आहे.”

“तुम्हाला पटतंय?”

“पटतंय की. तुझं नुकसान होईल. मी कुठे नाही म्हणते?”

भांडायला निघालेल्या माणसाला समोरच्याने ‘खरं आहे’ म्हटलं की त्याची मोठी पंचाईत होते. मकरंदची झाली. तो एकदम मऊ झाला.

“आज मी जो काही आहे तो तुमच्यामुळे आहे, बाई. बाबा म्हणत होते, रेघोट्या मारून पोट भरतं का. तुम्ही आमच्या घरी आलात, चहा प्यालात आणि बाबांना म्हणालात, याचं पोट मी बघते, तुम्ही याचा हात बघा. ते मी विसरलेलो नाही. हा सिनेमा… ही माझी तुम्हाला गुरुदक्षिणा आहे.”

“गुरुदक्षिणा घेणाऱ्याला विचारून द्यावी,” बाई म्हणाल्या.

पण त्यांचा आवाज हलला होता. चष्मा पुन्हा पुसावा लागला.

“चल. मागच्या व्हरांड्यात ऊन आलं असेल. चहा तिथे घेऊ.”

गेल्या वर्षी बाईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी वॉकर दिला होता. तो कोपऱ्यात उभा होता आणि त्यावर टॉवेल वाळत होता.

“वॉकर देऊ?”

“नको. तो घरात असला की मला माझंच घर दवाखाना वाटतं.”

बाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या आणि मधल्या खोलीच्या दारापर्यंत आल्या. चौकट धरून उभ्या राहिल्या. समोर ती लांबट खोली, आणि पलीकडच्या टोकाला व्हरांड्याचं दार.

मकरंद पुढे झाला. खोलीत हा पसारा. वाटेतच एक स्टूल. मग वेताची खुर्ची, तीही तिरपी. पुढे शिवणयंत्र भिंत सोडून बाहेर आलेलं. दारापाशी धान्याची पत्र्याची कोठी. म्हातारं माणूस अडखळून पडायचं नाही तर काय होईल?

“थांबा बाई, एक मिनिट.”

त्याने स्टूल उचलून पलंगाखाली सरकवलं. खुर्ची भिंतीला लावली. शिवणयंत्र ढकलताना ते कुरकुरलं. कोठी फार जड होती. ती त्याने पायाने रेटत रेटत कोपऱ्यात नेली. घाम पुसला आणि बाजूला झाला. सेटवर असंच करायचा तो. आधी रस्ता साफ, मग नटी.

“या आता. अगदी मोकळं केलंय.”

बाई दारातच उभ्या.

त्यांनी एक हात पुढे केला. तो हवेतच राहिला. जिथे स्टूल होतं तिथे बोटं जराशी उघडली, मिटली. पाऊल उचललं… परत ठेवलं.

“या ना, बाई.”

“कशी येऊ?”

“सगळं काढलंय मी.”

“तेच म्हणते,” बाई म्हणाल्या. “माझा रस्ता कुठे नेलास?”

मकरंदला क्षणभर कळेना. मग त्याने स्टुलाची जागा पाहिली. खुर्चीची पाहिली. फरशीवर तिच्या पायांचे पांढुरके वण होते, तिथे ती रोज उभी असते हे सांगणारे.

त्याचे कान तापले.

“मी धरतो तुम्हाला,” तो पुढे आला.

“धरशील रे. तू गुणाचाच आहेस. पण संध्याकाळी तू मुंबईला जाणार.”

त्याने हात मागे घेतला.

मग त्याने पलंगाखालून स्टूल काढलं.

“इकडे,” बाई दारातून म्हणाल्या. “अजून अलीकडे. तिथे मला पहिला दम लागतो.”

त्याने खुर्ची आणली.

“तिरपी ठेव. सरळ ठेवलीस तर पाठ हाताला येत नाही.”

यंत्र आलं. कोठी आली. ढकलताना जेवढा वेळ लागला होता त्याच्या दुप्पट वेळ परत आणायला लागला. मकरंद एकदाही हुश्श म्हणाला नाही.

बाई निघाल्या.

स्टूल. थांबल्या. श्वास.

खुर्ची. तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. श्वास.

मकरंद मागून चालत होता, दोन्ही हात पसरून, नुकत्या चालू लागलेल्या पोरामागे बाप चालतो तसा.

शिवणयंत्रापाशी बाई पुष्कळ वेळ थांबल्या.

“बाई… पुढे?”

“घाई आहे का?”

“नाही.”

“मग बघ.”

यंत्राच्या बाजूला एक लहान खिडकी होती. तीतून कृष्णेचा एवढासा तुकडा दिसत होता. पायरीवर कुणीतरी चादर आपटत होतं. आधी हात दिसायचा आणि आवाज मागून यायचा. मकरंद शाळेत असल्यापासून या घरात येत होता. ही खिडकी त्याला माहीत नव्हती.

दोघं बघत उभे राहिले. चादर पिळून झाली. मग बाई कोठीकडे निघाल्या, आणि कोठीवरून व्हरांड्यात.

चहा मकरंदने केला. साखर जास्त पडली. बाई काही बोलल्या नाहीत.

तो समोर जमिनीवर बसला. स्क्रिप्ट त्याने आतच ठेवलं होतं. बराच वेळ तो कप नुसता हातात धरून होता. मग त्याने फोन काढला आणि बाईंच्या देखतच निर्मात्याला लावला.

“साहेब, शेडगे बोलतोय… नाही, बाईंचा नकार नाही. माझाच आहे… हो. सिनेमा नाही करत मी याचा… आठ भाग करतो… हो, मालिका. तेच म्हणतोय मी…”

पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. मकरंद ‘हो’ म्हणत होता. शेवटी त्याने फोन कानावरून काढून बघितला. बंद झाला होता.

“रागावले?”

“फार.”

“तुला वाईट वाटलं?”

“फार,” मकरंद म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “बाई, हा सिनेमा हातचा गेला. आणि तरी… तुम्ही मला थांबवलंत याबद्दल तुमचे पाय धरावेसे वाटतात.”

तो वाकला. एरवी बाई पाय मागे घ्यायच्या. मोठे झालात आता, पुरे, म्हणायच्या. आज त्यांनी त्याला वाकू दिलं. त्याच्या केसांवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

“माझा होकार घे,” त्या म्हणाल्या.

“घेतला.”

“आणि साखर कमी घालत जा.”

मकरंद नाक पुसत हसला. चहा निवला होता तरी त्याने तो संपवला. चहा संपेपर्यंत त्याच्यातला दिग्दर्शक परत जागा झाला. या लोकांचं दुःखसुद्धा एक कप चहाएवढंच टिकतं, आणि ते बरंच आहे.

“आठ भाग म्हणजे पुष्कळ जागा झाली, बाई. ताराक्काचा एक. हसीनाबीचा एक. सोजरचा पाचवा ठेवतो, आणि तो संपला की सहावा आठवडाभर द्यायचाच नाही. बघू दे लोकांना वाट. करू दे कुणाला फोन करायचा तर.”

“हं.”

“बायजामावशीचा तर नुसता आवाजच. अख्खा भाग अंधारात.”

“ती खूश होईल.”

“आणि पहिला भाग तुमच्यापासून. तुम्ही बसमधून उतरता, वडिलांच्या हातात वळकटी…”

“माझ्यापासून नको.”

“मग? ताराक्कापासून?”

बाईंनी मान हलवली.

“पहिल्या प्रकरणात एक बाई आहे,” त्या म्हणाल्या. “पाठमोरी.”

मकरंदने आठवून पाहिलं.

“ती होय… एकाच पानावर आहे ती. तिला बोलणंही नाही.” तो थांबला. मग खरं तेच बोलला. “पहिल्याच खर्ड्यात तिला काढली होती मी. कुणाच्या लक्षातही आलं नाही.”

“कसं येणार?”

“कोण होती?”



“मी पोचले तेव्हा वॉर्डात एकही खाट रिकामी नव्हती. सिस्टर म्हणाल्या, पुढच्या महिन्यात आणा. आबा वळकटी उचलून परत निघाले. मला ताप होता, उभं राहवत नव्हतं. तेवढ्यात एक बाई उठली. काही बोलली नाही. आपली गादी झटकली, मला निजवलं, वर तिचंच पांघरूण घातलं. आणि स्वतः खाली सतरंजी टाकून निजली… माझ्याकडे पाठ करून. मला खोकला लागला की तिचा हात मागे यायचा आणि खाट थोपटायचा. तोंड काही मी बघितलं नाही.”

“मग?”

“सकाळी उठले तर सतरंजी गुंडाळून ठेवलेली होती.”

“घरी गेली? की…”

“विचारलं मी. सगळ्यांना विचारलं. पाळी बदललेली, नव्या सिस्टर. कुणी म्हणायचं, घरचे घेऊन गेले. कुणी दुसरंच काही सांगायचं… ती खाट मात्र माझी झाली. तिच्यावर मी बरी झाले. शाळेत लागले. तुला शिकवलं.”

मकरंद जरा पुढे सरकला.

“निदान नाव, बाई?… तिचं नाव तरी?”

बाईंनी कप खाली ठेवला.

“नाव कळलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर पुस्तक कशाला काढलं असतं?”